पडायला शिकलेली खुर्ची

मी एक जुनी, घडीची लाकडी खुर्ची आहे. मित्रांनो, खुर्चीने घट्ट उभे राहावे असे तुम्हाला वाटत असेल. माझे काम मात्र पडण्याचे!

माझा जन्म फ्रान्समधला. तिथल्या विनोदी चित्रपटांत मस्यू पोतां नावाचे एक उंच, वेंधळे पात्र वारंवार यायचे. दार उघडले की ते त्यांच्याच नाकावर आपटे. टोपी उचलायला वाकले की छत्री सुटे. बोलणे जवळजवळ नाहीच. त्यांच्यासाठी सुताराने मला घडवले आणि माझ्या मागच्या पायाला मुद्दाम एक सैल खुंटी बसवली. कुणी बसले की ती निसटे आणि मी हळूच घडी होऊन खाली टेके. बसणाऱ्याला खरचटतसुद्धा नसे. थिएटरे हसून दणाणत. मला केवढा अभिमान वाटे!

पुढे असे चित्रपट थांबले. चित्रपटवाल्यांपैकी एकाच्या लेकीबरोबर मी कॅनडात आले आणि तिच्या बेसमेंटमध्ये धूळ खात पडले. शेवटी कनाटा नावाच्या तिथल्या उपनगरात, घरातल्या जुन्या वस्तू विकायच्या एका गराज सेलमध्ये, ईशानी नावाच्या मुलीने मला पाहिले. माझ्या मालकीणबाईंनी माझी खुंटी दाखवली आणि मस्यू पोतांचा एक चित्रपटही तिला लावून दिला. ईशानी हसून हसून लोळली आणि मला घरी घेऊन गेली.

मराठी मंडळाच्या दिवाळीत गेल्या वर्षी स्टेजवर मराठी वाक्ये बोलताना ती अडखळली होती आणि रडतच खाली उतरली होती. या वर्षी तिने ठरवले, आपण मस्यू पोतां व्हायचे. न बोलता सगळा हॉल हसवायचा.

कार्यक्रमाच्या दिवशी तिचे बाबा, देवेश, मला गाडीत ठेवू लागले. ते इंजिनिअर. माझे डुगडुगणे त्यांना कसे पाहवणार? ईशानी पडेल या काळजीने त्यांनी खुंटी काढली आणि नटबोल्ट आवळला.

स्टेजवर ईशानी ऐटीत बसली. मी हलले नाही. तिने उड्या मारल्या, तरी नाही. कुणीच हसेना. तिचे डोळे भरून आले. मला ओरडावेसे वाटले, पण खुर्चीला कुठला आवाज!

पहिल्या रांगेत तिची आई सुरेखा कुजबुजली, "देवेश, खुर्ची पडत का नाहीये?"

"पडायची होती? मी तर टाइट केली!"

"कुणी सांगितलं होतं? जा आता वर!"

बाबा खिशातला पाना घेऊन स्टेजवर धावले. ईशानीने डोळे पुसले, टोपी काढून त्यांना लवून नमस्कार केला. कुणीतरी खुदकन हसले. बाबांनी बोल्ट काढला, खिशातली खुंटी बसवली.

"झालं. थांब, एकदा लोड टेस्ट करतो."

"बाबा, नो! डोन्ट सिट!"

पण बाबा बसलेच!

मी आयुष्यात इतकी सुरेख कधी पडले नसेन. बाबांचे पाय वर, पाना हातात. टाळ्या, शिट्ट्या! ईशानीने त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि दोघे हसत लवून उभे राहिले.

मित्रांनो, वस्तूंवर माया करा. त्यांची धूळ पुसा, ओल लागू देऊ नका. पण एखादी वस्तू सुधारायला घेण्याआधी तिचे काम कोणते, हे विचारून घ्या. माणसांच्या बाबतीतही तसेच करा.

चला, मला आता उठवा. माझ्यावर बसून पडायला खाली मुलांची रांग लागली आहे, आणि सर्वांत पुढे सुरेखा उभी आहे.