मागं बसायची जागा

"अन् बायकोले कुठं बसवू? हँडलवर?"

उकंडरावाच्या या सवालावर दुकानदार मोहनसिंग हसता हसता स्टुलावरून पडला. निदान उकंडराव तरी पुढं गावभर तसंच सांगायचा. वाशिमच्या त्या दुकानात बॅटरीवर चालणारी डोंगरी सायकल उभी होती. टायर म्हशीच्या मानेएवढे जाड, चढ दिसला की आपणहून पळणारी. मागं मात्र बसायला बोटभर जागा नाही.

"मांगं सीटवाली पायजे तर दुसरी हाय, काका. पण माल खतम. नाव लिहून ठेवतो, दिवाळीपर्यंत येईन."

"हेच घ्या," बाजूला बसलेली त्याची बायको प्रयागबाई म्हणाली. "तुमी तरी मळ्यात जासान. पायी जाता तर भात्यावानी दम लागते तुमाले."

"अन् तू?"

"मी घरून हुकूम सोडीन."

त्यांचं गाव वाशिमजवळचं मालेगाव; मळा गावापलीकडं, टेकडीवर. पायवाट अशी दगडी, की शेळीनंही चपला घालाव्या. प्रयागबाईच्या डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरनं सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेली किती टिकेल तेही सांगता येत नाही. भाच्याच्या मोटरसायकलवरून ती एकदा पडली, तेव्हापासून नवऱ्याच्या सायकलीशिवाय कशाच्याच मागं बसत नव्हती. आणि जुनी सायकल दोघांना घेऊन चढवायची म्हणजे उकंडरावाच्या छातीत तेवढा दम राहिला नव्हता.

जायचं होतं ते बियाण्यासाठी. त्यांची वांगी घरच्या बियाण्याची, काटेरी, जांभळी. एका बोळक्या म्हाताऱ्यानं म्हणे एका बैठकीत अठरा खाल्ली आणि उठला तेव्हा त्याला दोन दाढा फुटलेल्या होत्या. पण बियाण्याचं झाड निवडायचं ते प्रयागबाईनंच. सासूनं शिकवलं, तिनं चाळीस वर्षं निवडलं. त्या झाडाची फळं तोडायची नाहीत, पिवळी होईपर्यंत राखायची. उकंडरावाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"यंदा तरी तुह्या डोयानं निवड," तो म्हणाला, आणि सीटवाल्या सायकलीसाठी नाव लिहून आला.

दिवाळी गेली. मोहनसिंग फोनवर म्हणायचा, "निघाली, काका, निघाली."

"इचारा त्याले, पायी येऊन राह्यली काय?" प्रयागबाई मागून ओरडायची.

संक्रांत आली. तीळगूळ वाटताना शेजारीण समोर उभी होती आणि प्रयागबाईनं हात भिंतीकडं पुढं केला.

उकंडराव घाबरला. दुसऱ्या दिवशी बसत-उठत पायीच मळ्यात गेला. पिवळी पडलेली टपोरी सहा वांगी तोडून आणली आणि टोपलं तिच्या मांडीवर ठेवलं.

"निवड."

तिनं एकेक चाचपलं. "झाड कसं व्हतं?"

"झाड?"

"फांद्या किती? पानं गोया झालेले तर नव्हते? शेजारचं झाड रोगी व्हतं का?"

उकंडरावाला एकही झाड आठवेना.

"नवरदेव पाह्यला अन् घर पाह्यलंच नाही तुमी," ती हसली. मग टोपलं हळूच खाली ठेवलं. "राहू द्या. भाजी करू म्हटलं तं तेबी जून झाले."

माघ सरता सरता सायकल आली. तोवर प्रयागबाईला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. मळ्यातली झाडंही वाळली, उपटून बांधावर त्यांचा ढीग झाला. हे मात्र उकंडरावानं तिला सांगितलं नव्हतं.

ती मागं बसली, त्याची कंबर धरून. सायकल उडाल्यासारखी चढ चढली.

"इमान हाय हो हे!"

वर पोचल्यावर त्यानं तिला उतरवलं आणि हात धरून वावरात नेलं. पायाखाली नुसती ढेकळं.

"यंदा लय भरला मळा," उकंडराव म्हणाला.

प्रयागबाईनं पायानं एक ढेकूळ फोडलं. मग पदर खोचून चार पावलं चालली, थांबली, आणि उघड्या जमिनीकडं बोट केलं.

"हे राखा बियाण्याले."

"राखतो," उकंडराव म्हणाला. आणि जागा चुकू नये म्हणून बांधावरचा एक दगड आणून त्यानं तिथं ठेवला.