शुद्ध पुडी

धाकट्या सुनेचं प्रयोगशाळेतलं काम म्हणजे झाडाच्या सालीचा अर्क सूज जास्त उतरवतो की कारखान्यातलं औषध, हे उंदरांच्या सुजलेल्या पायांवर मोजून पाहणं. घरी सासऱ्यांची सांधेदुखीची पुडी होती, 'शुद्ध मुळ्यांची' म्हणून शहरभर खपणारी. दर आठवड्याला नवं औषध कुटलं जाई आणि ते आधी घरच्या बाईनं घेऊन पाहायचं, ही घराची रीत. सहा वर्षं ती पाळी सासूबाईंचीच होती; रोज एक पुडी.

त्यांचा चेहरा गोल गरगरीत झाला होता. "तब्येत मानवलीय हो!" पाहुणे म्हणत. सुनेच्या मनात मात्र पाल चुकचुकली. तिनं एक पुडी प्रयोगशाळेत नेली. मुळ्यांच्या भुकटीत स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या निघाल्या, आणि त्याही सढळ हातानं.

"बाबा, उंदराला सुई टोचायची तरी आम्हाला समितीची परवानगी लागते. आईंना कधी विचारलंत?"

"लोकांचं दुखणं जातंय ना? मला शिकवू नकोस."

"मी औषध खात्याला कळवणार आहे. आणि आई, पुडी एकदम सोडू नका हं. शरीराला तिची सवय लागलीय, जिवावर बेतेल. सोमवारी डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करू."

"चार दिवस थांब गं," नवरा म्हणाला. "घरातलं घरातच मिटवू."

ती थांबली. शिकलेली, कमावती, आणि तरीही थांबली.

तपासणीच्या धास्तीनं सासऱ्यांनी कुणाला न सांगता गोळ्या फेकून दिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खरोखर शुद्ध पुड्या बांधल्या आणि रीतीप्रमाणे बायकोच्या हातावर ठेवल्या. तिसऱ्या दिवशी सासूबाईंना उलट्या सुरू झाल्या. चौथ्या दिवशी सकाळी त्या ओट्याजवळ कोसळल्या.

"पुडी घेतली गं मी," त्या पुटपुटल्या. "एकही चुकवली नाही."

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "काही औषध चालू होतं?"

"काही नाही, घरगुती जडीबुटी," नवरा घाईनं म्हणाला.

सुनेनं सासऱ्यांकडे पाहिलं. "बाबा, पुडीत काय बदललंत?"

"गोळ्या काढल्या. तुझ्याच भीतीनं."

"डॉक्टर, स्टिरॉइड! सहा वर्षांचं, चार दिवसांपूर्वी एकदम बंद झालंय!"

डॉक्टर धावले, पण उशीर झाला होता. दुपारी सासूबाई गेल्या.

"आता बोलून काय उपयोग?" नवऱ्यानं तिचा दंड धरला. "गेलेलं माणूस परत येणार आहे का?"

"नवी, बिनगोळ्यांची पुडी परवाच शहरभर गेलीय. ती घेणाऱ्या बायका अजून जिवंत आहेत." तिनं दंड सोडवून घेतला आणि इस्पितळानं कळवल्यावर जबाब घ्यायला आलेल्या हवालदारासमोर ती जाऊन बसली.

"लिहा," ती म्हणाली. "मला चार दिवस आधीपासून माहीत होतं."