बारा सुट्ट्यांची बारा खोकी

मित्रांनो, आठाच्या बटणावरचा आकडा पुसला गेलेला, पाठीला चिकटपट्टी लावलेला एक जुना कॅल्क्युलेटर तुमच्याशी बोलतो आहे. मी कुठं बनलो ते मला ठाऊक नाही. पहिलं आठवतं ते क्रांती चौकातल्या एका दुकानाचं काचेचं कपाट. १९९० साली साहेबरावांनी मला तिथून घेतलं. छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं.

साहेबराव चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथं स्कूटरच्या सांध्यांत बसणारे रबरी बूश बनत. मी येण्याआधी ते पेन्सिलीनं आकडेमोड करत आणि प्रत्येक गणित दोनदा तपासत. मी आलो आणि तपासणं सुटलं. कुणी शंका काढली की ते मला उचलून दाखवत आणि म्हणत, "मशीन चुकत नसतं." तीन वर्षं मी हे ऐकलं. मलाही ते खरं वाटू लागलं होतं.

१९९३ च्या डिसेंबरातली गोष्ट. पॅकिंगला सुगंधाबाई होती. ती सोयगावकडच्या मेंढपाळ घरातली. चौथीत शाळा सुटली होती, पण आता ती बाहेरून सातवीच्या परीक्षेला बसणार होती. दर रविवारी ती उस्मानपुऱ्यात आशाबाई नावाच्या शिक्षिकेकडे शिकायला जाई. माल उचलायला कडुबा होता. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या, या मागणीच्या मोर्चांना तो जायचा, आणि ते लपवायचा नाही. कारखान्यात काहींना ते खुपत होतं.

एका शनिवारी काम सुटताना सुगंधाबाईनं साहेबरावांना शिल्लक सांगितली. बारा बूश सुट्टे आणि अठ्ठेचाळीस खोकी, प्रत्येक खोक्यात चोवीस. साहेबरावांनी ऐकल्याप्रमाणे बटणं दाबली. बारा, अधिक, अठ्ठेचाळीस, गुणिले, चोवीस. मी १४४० दाखवले. रजिस्टरात तेवढाच आकडा चढला. गोदामाला कुलूप कडुबानं लावलं.

सोमवारी ट्रक भरताना माल मोजला तर ११६४ बूश निघाले. दोनशे शहात्तर कमी. मॅनेजर अप्परावांनी पुन्हा मोजायला लावलं, आकडा हलला नाही. मग कुलूप कुणी लावलं याची विचारणा झाली. कुणीतरी मागून म्हणालं, मोर्चात फिरणाऱ्यांचा काय भरवसा. कडुबा एवढंच म्हणाला की मी काही नेलेलं नाही. दुपारी गेटवरच्या फळ्यावर खडूनं त्याचं नाव आलं. चोरीची चौकशी होईपर्यंत याला आत सोडू नये. आठ दिवसांत माल मिळाला नाही तर पोलिसांत द्यायचं ठरलं.

सुगंधाबाईला हे पटेना. शनिवारी अठ्ठेचाळीस खोकी तिनंच रचली होती आणि सोमवारीही अठ्ठेचाळीसच होती. तिनं तसं सांगितलं. साहेबरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

पुढच्या रविवारी तिनं हे गणित आशाबाईंपुढं मांडलं. तिथं काय झालं ते तिनं नंतर सांगितलं, आणि मी ते टेबलावर पडल्या पडल्या ऐकलं. बाईंनी वहीत 'कंचेभागुबेव' लिहून दिलं. आधी कंस, मग 'चे', मग भागाकार-गुणाकार, शेवटी बेरीज-वजाबाकी. सुगंधाबाईनं विचारलं, असाच क्रम का? बाईंनी उलट विचारलं, तुझ्या वडिलांकडे वीस-वीस मेंढ्यांचे तीन कळप आहेत आणि दारात पाच कोकरं आहेत, तर एकूण किती?

"पासष्ट."

"पाच आणि तीन, आठ कळप का नाही धरलेस?"

"पाच कोकरांचे पाच कळप कसे व्हतील, बाई?" सुगंधाबाई म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली.

सोमवारी अप्पराव पोलीस ठाण्यात जायच्या आत ती साहेबरावांच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, तुम्ही बारात अठ्ठेचाळीस मिळवले, मग चोवीसनं गुणलं," ती म्हणाली. "बारा सुट्ट्या बुशांची बारा खोकी केली तुम्ही. चोरी झाली नाय. ती खोकी कधी नव्हतीच."

साहेबराव म्हणाले, मशीन कसं चुकेल? तिनं मला उचललं. आधी अठ्ठेचाळीस गुणिले चोवीस केलं, मग बारा मिळवले. मी ११६४ दाखवले. साहेबरावांनी मग तीन वर्षांनी पेन्सिल घेतली आणि कागदावर गणित केलं. दोनदा केलं. त्यांचा चेहरा उतरला.

मित्रांनो, दोन्ही उत्तरं माझीच होती. माझ्यासारख्या साध्या यंत्राला आधी काय आणि नंतर काय ते कळत नाही. बटणं ज्या क्रमानं दाबाल त्याच क्रमानं मी चालतो.

अप्परावांचं म्हणणं पडलं की आकडा दुरुस्त करा आणि विषय संपवा. सुगंधाबाई दारातून हलली नाही. फळ्यावरच्या नावाचं काय, असं तिनं विचारलं. शेवटी साहेबराव मला खिशात घालून कडुबाच्या घरी गेले. त्यांनी सगळं सांगितलं आणि उद्यापासून ये म्हणाले.

"येतो," तो म्हणाला. "पर माझं नाव सगळ्यांदेखत लिवलं व्हतं. ते सगळ्यांदेखतच पुसा. तुमच्या हातानं."

दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांची माणसं गेटवर असताना, साहेबरावांनी फळा पुसला. का पुसतो आहे तेही मोठ्यानं सांगितलं. कडुबा आत गेला आणि कामाला लागला. जानेवारीत विद्यापीठाला नाव मिळालं, त्या दिवशी त्यानं रजा मागितली. साहेबरावांनी कारण न विचारता सही केली.

माझी मात्र रवानगी खणात झाली. सेल आतच गळला आणि माझे दोन आकडे अंधुक झाले. वर्षभरानं सुगंधाबाई सातवी पास होऊन पॅकिंगची मुकादम झाली, तेव्हा तिनं मला मागून घेतलं, पुसलं, नवा सेल घातला. ती नव्या बायकांना आधी गणित कागदावर मांडायला लावायची आणि मगच मला त्यांच्या हातात द्यायची.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारख्यांना उन्हात टाकू नका, काम झालं की सेल काढून ठेवा. आणि आमचा आकडा कुणाच्या नावापुढं लिहायचा असेल, तर त्याआधी तो एकदा स्वतःच्या हातानं करून बघा.