डाव्या कडेचा व्रण

कार्तिकाची सकाळ. वेंगुर्ल्याच्या समुद्रावर मृदुल, मधुवर्णी ऊन पसरले होते. माडांच्या झावळ्यांतून ते झिरपत होते, कौलांवरून निथळत होते, आणि सत्यवतीच्या खाणावळीच्या धुरकट स्वयंपाकघरात पोचेपर्यंत त्याला भाजल्या खोबऱ्याचा वास लागत होता.

त्या उन्हात ती भिंतीवरच्या आरशासमोर उभी होती. जीभ बाहेर काढून, श्वास रोखून.

जिभेच्या डाव्या कडेवर एक व्रण होता. तांदळाच्या कणीएवढा, पांढुरका, भोवती आरक्त. दीड महिना तो तिथेच होता. मध लावला, तूप लावले, तो तिथेच. आरसा पदराने पुसून पुन्हा पाहिले, तो तिथेच.

बावीस वर्षे त्या जिभेवर ही खाणावळ उभी होती. तिथे माप नव्हते, वजन नव्हते. सोलांचे आंबटपण, तिरफळांची झिणझिण, नारळाच्या रसाचा तो दुग्धधवल गोडवा, सारे तिथेच तोलले जाई. तळहातावर एक थेंब, जिभेवर एक स्पर्श, क्षणभर मिटलेले डोळे. मग चिमूटभर काहीतरी आणखी, आणि कालवणाला जीव येई.

तिचा नवरा दिगंबर आरोलकर पोस्टातून निवृत्त झालेला. दुपारी पडवीत बसून तो रहस्यकथा लिही, एस.टी. स्टँडवर विकल्या जाणाऱ्या, खिशात मावणाऱ्या, रक्तवर्णी मुखपृष्ठांच्या. त्याच्या कथांत साक्षीदारांच्या जिभा फार कापल्या जात. चकाकते पाते, एक ओळ, एक किंकाळी. आणि पुढच्या प्रकरणात गुप्तहेर निवांत चहा पीत असे.

व्रण त्यानेच पहिल्यांदा डॉक्टरांना दाखवायला लावला. एक कण तपासायला गेला. पाच दिवस गेले. पाच दिवस दोघे एकमेकांशी फक्त भाजीपाल्याविषयी बोलले.

अहवाल आला तो वाईट. गोव्यातल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर शिरोडकर नावाच्या शांत, तरुण बाईंनी कोऱ्या कागदावर जीभ काढली. पेन्सिलीची एक लांबट पाकळी. तिच्यावर रसांकुरांचे टिंब टिंब, तिच्या पोटात स्नायूंच्या गुंफलेल्या रेषा. मग डाव्या बाजूला त्यांनी एक वक्र रेघ ओढली.

"एवढा भाग काढावा लागेल," त्या म्हणाल्या. "मानेतल्या काही गाठीही."

"बोलता येईल?" दिगंबरने विचारले.

"येईल. सरावाने येईल. पहिल्यासारखं स्पष्ट नाही."

सत्यवती त्या रेघेकडे पाहत होती. "आणि चव?"

"बरीचशी राहील."

बरीचशी. परतीच्या वाटेवर गाडीच्या खिडकीतून शेते गेली, खाडीपूल गेले, बगळ्यांनी शुभ्र झालेली झाडे गेली. तो एक शब्द मात्र हलला नाही. बरीचशी म्हणजे किती? त्यात तिरफळ होते का? कोवळ्या काकडीचे ते जवळजवळ नसलेले गोडपण होते का?

शस्त्रक्रियेला आठ दिवस होते. दुसऱ्या सकाळी तिने नवऱ्यासमोर पाट टाकला.

"तुमी लिवा. मी सांगतंय."

दिगंबरने अर्धवट कादंबरीची वही उलटी केली आणि मागच्या कोऱ्या पानापासून सुरुवात केली. आठ दिवस चूल आणि वही एकमेकींसमोर बसली. ती वाटण वाटी, फोडणी देई, थेंब चाखी, सांगे, तो लिही.

"मीठ किती?"

"जीभ सांगात तितक्या."

"जीभ सांगात, ह्या कसा लिवू?"

 हातातली पळी कालवणावर लटकत राहिली आणि तिच्या टोकावरून केशरी थेंब पडत राहिले. मग तिने आयुष्यात पहिल्यांदा मीठ चमच्यात घेतले, चमचा उन्हात धरला आणि त्या लहानशा शुभ्र ढिगाकडे परक्या माणसाकडे पाहावे तशी पाहत राहिली.

"दीड," ती म्हणाली. "दीड लिवा. पण ता खरा नाय."

त्या आठवड्यात ती एरवीपेक्षा जास्त बोलली. माहेरच्या ओढ्याविषयी बोलली, मेलेल्या गाईविषयी बोलली, लग्नात दिगंबरच्या डोक्यावरून तीनदा घसरलेल्या मुंडावळ्यांविषयी बोलली. जणू साऱ्या शब्दांना एकदा पेठेत फिरवून आणत होती, पुन्हा नेता येईल की नाही ठाऊक नव्हते म्हणून. दिगंबर ऐकत होता, हसत होता, आणि तिची पाठ वळली की वहीत तोंड लपवत होता.

शस्त्रक्रियेच्या दिवशी तो बाकावर पाच तास बसला. समोर पांढरे दार, दारावर तांबडा दिवा. त्याने मोजले, आपल्या कथांत आपण किती जिभा कापल्या. एकतीसपर्यंत आठवले. त्या साक्षीदारांतल्या एकालाही त्याने घरी पाठवले नव्हते. त्यांच्या बायका बाहेर कशा बसल्या असतील, हे लिहिले नव्हते.  

दिवा विझला. डॉक्टर शिरोडकर बाहेर आल्या. "सगळं नीट झालं. काढलेल्या भागाच्या कडा तपासायला पाठवल्यात."

पुन्हा थांबणे. सत्यवतीच्या नाकात नळी, मानेला पट्टी, ओठ मिटलेले. ती पाटीवर लिही: पाणी. उशी. तुम्ही जेवलात? आठव्या दिवशी कळले, कडा स्वच्छ होत्या, गाठीही. दिगंबर जिन्यात जाऊन रडला आणि तोंड धुऊन परत आला.

पण घरी आल्यावर ती बोलेना.

नळी निघाली, टाके विरघळले. पेज गिळता आली, मग मऊ भात. बोलणे शिकवणाऱ्या बाईंनी सराव दिला होता. ती तो न्हाणीघरात दार लावून करी. दाराबाहेर येत ते ओले, बोथट, ठेचकाळणारे स्वर, आणि दिगंबर मुद्दाम घमेले वाजवीत राही, आपण ऐकले नाही असे तिला वाटावे म्हणून. गिऱ्हाईक आले की ती आत जाई. शेजारणी सावकाश, गोड, मोठ्या आवाजात बोलत, लहान मुलीशी बोलावे तशा. त्या गेल्या की तिचा चेहरा राखेसारखा होई.

कालवण ती करी, तो वाढी. चव? उजव्या बाजूने येई, उशिरा येई, भिंतीपलीकडच्या गाण्यासारखी येई. पण येई.

पौषातल्या एका सकाळी दारात रुझारीन कोळीण येऊन उभी राहिली. डोक्यावर टोपली, कानांत सोन्याच्या जड कुड्या. ती दोन महिने गावाला होती; तिला कोणी काही सांगितले नव्हते. तिने टोपली उतरवली. बांगडे झळकले, नीलहरित पट्ट्यांचे, ओल्या पोलादाचे.

सत्यवतीने बोटाने एकाचे पोट दाबले. बोट आत रुतले. तिने नजरेने दिगंबरला शोधले. तो विहिरीवर होता, दूर.

तिने ओठ ओलावले.  मानेवरचा टाक्यांचा व्रण ताणला गेला.

"हे बांगदे... कायचे."

शब्द वाकडा पडला.   आता रुझारीन विचारणार, आता तिचे डोळे भरणार.

रुझारीनने कमरेवर हात ठेवले.

"कालचे? माझे बांगडे कालचे? अगो, पहाटचे होडयेतून उतरले ते. कल्ले बघ, कल्ले."

"कल्ये बगितये. पोत मऊ."

"पोट मऊ? तुझो हात कडक झालो सत्यवते, बसून बसून."

"माजो हात?" तिचा आवाज चढला. "बावीस वर्सा मासळी घेतंय मी. माका शिकयतंस?"

रहाट थांबला. दिगंबर ओल्या हातांनी तिथेच उभा राहिला. पुढे जावे असे त्याला वाटले, आणि तो गेला नाही. रुझारीन ओरडत होती, सत्यवती ओरडत होती. एकीचे शब्द कोयतीसारखे, एकीचे शब्द चिखलातून पाय उपसणारे, आणि कोणीही कोणाला सोडत नव्हते.

तो मोडका, ओला, संतप्त आवाज जास्वंदीच्या कुंपणावरून गेला, गल्लीतून गेला, सुकत घातलेल्या जाळ्यांवरून गेला, आणि समुद्रकाठच्या पुळणीवरचे कावळे उडून, एक फेरी मारून, पुन्हा खाली बसले.