दाजींचा उजवा पाय

बँडमधून एखाद्याला काढणे ही काही फार अवघड गोष्ट नाही; बहुतेक बँड माणसे घेत आणि काढतच जगत असतात. पण तो माणूस नात्याने दाजी, म्हणजे सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा असेल, तर त्याला ते कोणत्या शब्दांत सांगावे हे अजून कोणी ठरवून दिलेले नाही. ‘उलटी इस्त्री’ या स्का पंक बँडचा गिटारवादक आणि गायक असलेला मेहुणा गेले तीन आठवडे हे शब्द शोधत होता.

निमित्त एका पत्राचे होते. ज्या सभागृहात बँडचा पहिला कार्यक्रम झाला होता, त्या सभागृहाने त्या कार्यक्रमाला वीस वर्षे झाल्यानिमित्त त्यांना पुन्हा बोलावले होते. ‘कडक कॉलर’ ही पहिली सीडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत, चौदाच्या चौदा गाणी, मूळ वेगाने वाजवावी अशी विनंती होती. ‘मूळ वेगाने’ या शब्दांखाली रेघ ओढलेली होती.

मेहुण्याने कित्येक वर्षांनी ती सीडी गाडीत लावली आणि तो घाबरला. तीत चार माणसे कोणीतरी मागे लागल्यासारखी धावत होती. हल्लीचे त्यांचे वाजवणे मात्र जेवण झाल्यावर शतपावली करणाऱ्या माणसांसारखे होते. मेहुणा मोटार शिकवण्याच्या शाळेत शिकवी. दिवसभर लोकांना ‘हळू, हळू’ म्हणण्यात त्याचा जन्म चालला होता; निदान गाण्यात तरी वेग असावा, ही त्याची अपेक्षा वाजवी होती. पुष्कळ विचार करून त्याने दोष दाजींच्या ट्रॉम्बोनवर, म्हणजे ते फुंकत त्या सरकत्या नळीच्या पितळी वाद्यावर, ठेवला. एवढी लांब नळी बाहेर जाणार आणि परत येणार, त्याला वेळ लागणारच, असे त्याचे म्हणणे होते.

त्याने ते आधी आत्याला सांगितले. आत्या म्हणजे मेहुण्याच्या वडिलांची बहीण. तिच्या लाँड्रीच्या वरच्या खोलीत बँडचा जन्म झाला होता. तिने इस्त्री बाजूला उभी केली आणि त्याच्याकडे पाहिले.

“जावयाला काढतात का कुठे?” ती म्हणाली. “आणि काढून ठेवणार कुठे? तो माझ्याकडचा बॉयलर दुरुस्त करतो.”

वास्तविक या बँडचा आवाज आत्याच्याच लाँड्रीने घडवला होता. तेव्हा खाली चादरी दाबायचे एक जुने प्रेस होते. त्याचे जाड झाकण पायाने दाबले की धप्प असा आवाज होई आणि वरची जमीन हादरे. त्या धप्पवर काहीही वाजवले तरी ऐकू येत नसे. म्हणून मेहुण्याने दोन धप्पांच्या मधल्या जागेत गिटार वाजवायला सुरुवात केली. धप्प, चक्, धप्प, चक्. ठोक्यावर न वाजवता ठोक्यांच्या मध्ये वाजवण्याच्या या पद्धतीला जगात स्का म्हणतात, आणि ती अंगात आल्यासारखी पळवली की स्का पंक होते, हे त्यांना नंतर एका गिऱ्हाइकाने शर्ट परत नेताना सांगितले. बँडचे नाव आत्याने ठेवले. मुले सगळे उलटे करतात, एवढाच तिचा अर्थ होता. पुढे एकदा जाहिरातीचा कागद अर्धा फाटला आणि ‘आज सायंकाळी सहा वाजता उलटी’ एवढेच भिंतीवर राहिले, त्या दिवशी सर्वांत जास्त गर्दी झाली.

त्या वेळी बँडमध्ये तिघेच होते. मेहुणा, ड्रम वाजवणारी त्याची थोरली बहीण आणि बेस वाजवणारा घड्याळजी. घड्याळजीला सगळे गप्प्या म्हणत. हे नाव गप्पांवरून नव्हे, गप्प या शब्दावरून पडले होते. ताई रुग्णालयात एक्स-रे काढी. लोकांना श्वास रोखायला सांगण्याची तिला इतकी सवय होती की घरातही तिने ‘थांबा’ म्हटले की माणसे श्वास धरत.

पहिल्या सीडीसाठी तिघे स्टुडिओत गेले आणि तिथे एक चमत्कारिक गोष्ट झाली. ध्वनिमुद्रकाने काचेपलीकडून हात केला, आणि कोणीच सुरू करेना. मेहुणा वाट पाहत होता, ताई वाट पाहत होती, गप्प्या तर वाटच पाहत असे. खाली प्रेस नव्हते, धप्प नव्हते, त्यामुळे मधली जागाही नव्हती. तीन वेळा हात करून ध्वनिमुद्रक चहा प्यायला निघून गेला.

तेवढ्यात न्हाणीघरातून एक प्लंबर बाहेर आला. नळ दुरुस्त करताना त्याच्या उजव्या बुटात पाणी शिरले होते. दारात उभा राहून ते निघावे म्हणून त्याने पाय जमिनीवर आपटायला सुरुवात केली. धप्प, धप्प, धप्प. तिघांनी एकमेकांकडे पाहिलेही नाही. ती वाजवू लागली. प्लंबर दचकून थांबला तेव्हा तीही थांबली. ध्वनिमुद्रक परत आला आणि त्याने प्लंबरला विचारले, अजून दोन तास पाय आपटायला जमेल का. प्लंबरने आधी बूट कोरडा करून घेतला आणि मग होकार दिला.

हेच पुढे दाजी झाले. आत्या अजून म्हणते, गळती बघायला आला आणि घरचाच झाला.

नुसता पाय आपटायला माणूस रंगमंचावर उभा करणे बरे दिसेना, म्हणून त्याच्या हातात काहीतरी द्यावे असे ठरले. स्टुडिओच्या माळ्यावर एक ट्रॉम्बोन पडला होता. त्याची सरकती नळी कित्येक वर्षे अडकलेली होती. दाजींनी ती अर्ध्या तासात मोकळी केली आणि सहा महिन्यांत ते वाजवायला शिकले. त्यांना नळ्यांचे जन्मजात कळत असे. माणूस स्वतःला काय समजतो आणि लोक त्याला काय समजतात, यांत बहुधा अंतर असते. दाजी प्लंबिंगने पोट भरत, पण मनात ते ट्रॉम्बोनवादक होते. पाय आपटतो हे तर त्यांच्या लक्षातही नसे.

बँडचा आवाज पुढे बदलत गेला. दुसरी सीडी, ‘अर्धवट वाळलेले’, पहिलीपेक्षा संथ होती. तिसरी, ‘घडी’, आणखी संथ. एका समीक्षकाने लिहिले की या तरुणांना आता विरामाचे मोल कळले आहे. ‘प्रगल्भ’ हा शब्द त्याने चार वेळा वापरला. बँडमधल्या प्रत्येकाने ते कात्रण जपून ठेवले, आणि प्रगल्भता नेमकी कोणामुळे आली याबद्दल प्रत्येकाचे खाजगी मत होते.

शेवटी मेहुण्याने गाडीचा मार्ग निवडला. कामावर सोडतो म्हणून त्याने दाजींना शिकवणीच्या गाडीत शेजारी बसवले. दाजींच्या मांडीवर हत्यारांची पेटी होती. मेहुणा आधी हवेबद्दल बोलला, मग आत्याच्या बॉयलरबद्दल, मग जुन्या सीडीबद्दल. या एका कार्यक्रमापुरता ट्रॉम्बोनशिवाय प्रयोग करून पाहावा असे त्याच्या मनात आहे, आणि त्या निमित्ताने दाजींनाही जरा विश्रांती, असे तो रस्त्याकडे पाहत म्हणाला.

शिकवणीच्या गाडीत शेजारच्या आसनापुढेही ब्रेक असतो. दाजींनी पाय उचलला, किंचित वेळ घेतला आणि दाबला. गाडी चौकाच्या मधोमध उभी राहिली.

“विश्रांती,” दाजी म्हणाले. “बरं. इथूनच चालत जातो.”

मागच्या गाड्या भोंगे वाजवत राहिल्या. मेहुण्याला वाटले होते ते चिडतील. चिडले असते तर बरे झाले असते.

घरी त्यांनी ताईला सांगितले की हल्ली कामे फार पडतात, एखादा कार्यक्रम चुकलेला बरा. त्यांनी ट्रॉम्बोन पुसला, पेटीत ठेवला, पेटी कपाटावर टाकली. पण तोंडाशी धरायचा त्याचा पितळी भाग त्यांनी वेगळा काढून हत्यारांच्या पेटीत, पाना आणि पकडीच्या मध्ये, कापडात गुंडाळून ठेवला. ताईने ते पाहिले. एक्स-रे काढणारी माणसे जे दिसते ते लगेच सांगत नाहीत.

लाँड्रीच्या सुटीच्या दिवशी दुपारी तिघे वरच्या खोलीत तालमीला जमले. प्रेस केव्हाच भंगारात गेले होते. आत्याच्या नव्या यंत्रातून फक्त वाफ निघे. मेहुण्याने गिटार गळ्यात घातली, मान हलवली, आणि वाट पाहू लागला. ताई काठ्या वर धरून बसली. गप्प्या जमिनीकडे पाहत राहिला. बराच वेळ गेला.

“संप आहे का?” खालून आत्याने विचारले.

मग ताईने डोळे मिटून सुरुवात केली. गाणे पूर्ण झाले. मेहुण्याने कपाळ पुसले. अखेर वेग परत आला, असे तो म्हणणार होता. पण गप्प्याने खिशातून घड्याळ काढले होते. वीस वर्षांत तालमीत तो पहिल्यांदा न विचारता बोलला.

“मिनिटाला एकशे अठ्ठेचाळीस ठोके. पहिल्या सीडीत एकशे शहाण्णव. हा वेग ‘घडी’तला. एकाचाही फरक नाही.”

“पण ट्रॉम्बोन तर नाहीच आहे,” मेहुणा म्हणाला.

ताईने काठ्या मांडीवर ठेवल्या. तिने पिशवीतून मोठे पाकीट काढले आणि त्यातला एक्स-रे खिडकीच्या काचेवर धरला. उजेडात एक गुडघा दिसू लागला. आत्याही वर आली होती. तिने चष्मा लावून पाहिले आणि कोणाचा आहे, चेहरा ओळखीचा वाटतो, असे म्हणाली.

“यांचा आहे,” ताई म्हणाली. “उजवा. पंचवीस वर्षं लोकांच्या मोऱ्यांपुढे टेकलाय. दर वर्षी थोडा उशिरा उठतो. मी पहिल्या दिवसापासून यांच्या बुटाकडे बघून वाजवते, आणि तुम्ही दोघं माझ्याकडे बघून. आता डोळे मिटले तरी तोच बूट दिसतो, त्याला मी काय करू?”

म्हणजे प्रगल्भता ती ही. मेहुणा बराच वेळ त्या गुडघ्याकडे पाहत राहिला. ज्या विरामांबद्दल त्याने मुलाखती दिल्या होत्या, ते तिथे वाटीच्या खाली, हाडांच्या घासलेल्या कडांमध्ये स्पष्ट दिसत होते.

“एवढं माहीत होतं तर बोलली का नाहीस?” त्याने ताईला विचारले.

“बोलले असते तर हे पाय सांभाळून आपटायला लागले असते. मग सगळंच बिघडलं असतं.”

दुसऱ्या दिवशी मेहुणा दाजींना शोधत एका अनोळखी स्वयंपाकघरात पोचला. दाजी ओट्याखाली शिरलेले होते. बाहेर फक्त दोन बूट दिसत होते. दहा वाक्ये त्याने पाठ केली होती. समोर चेहराच नसल्याने ती सगळी उपयोगी पडली. तो बुटांशी अदबीने बोलला. चूक आपली झाली, वेग ट्रॉम्बोनमुळे गेला नव्हता, तालीम सुरूच होत नाही, असे सगळे सांगून झाल्यावर त्याने गुडघ्याचा विषय जमेल तितक्या हळुवारपणे काढला. बूट हलले नाहीत.

“म्हणजे तुम्हाला बूट हवाय,” ओट्याखालून आवाज आला. “तो न्या. दारात जुना जोड आहे.”

“दाजी, बूट नको. तुम्ही या.”

“ट्रॉम्बोनसकट?”

“ट्रॉम्बोनसकट.”

पाना फिरल्याचा आवाज झाला, नळ ठिबकायचा थांबला.

“वेग हवा ना?” दाजी म्हणाले. “डावा गुडघा चांगला आहे माझा. तो कधी टेकवलाच नाही.”

उरलेल्या तालमींत दाजींनी डावा पाय आपटला. तो पाय वीस वर्षे नुसता उभा होता, आणि मिळालेल्या संधीचे त्याने सोने केले. ताईच्या काठ्या दिसेनाशा झाल्या. गप्प्याने घड्याळ पाहिले, ‘दोनशे चार’ म्हणाला आणि परत गप्प झाला. एका दुपारी दोन गाणी बसवायची, मधे चहा घ्यायचा, असे चालले होते. मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी येई आणि तो म्हणे, हाच आपला खरा आवाज.

कार्यक्रम संध्याकाळी पाचला होता. सभागृहात पहिल्या सीडीच्या काळातले श्रोते आले होते. पुष्कळांनी येताना आधी बसायची जागा पाहिली. आत्या पहिल्या रांगेत होती. दाजी उजव्या बाजूला, ट्रॉम्बोन खांद्याशी धरून उभे राहिले. त्यांनी डावा बूट उचलला.

पहिले गाणे दीड मिनिटात संपले. दुसरे त्याहून आधी. चौदा गाणी एकापाठोपाठ, मधे चहा नाही, याचा विचार मेहुण्याने केला नव्हता. तिसऱ्या गाण्यात त्याच्या मनगटात कळ आली. चौथ्यात त्याचे शब्द मागे राहिले आणि तो फक्त ओळींची शेवटची अक्षरे म्हणू लागला. श्रोत्यांमध्ये जे नाचायला उठले होते, त्यांतले काही खुर्चीच्या पाठी धरून उभे होते. दाजींचा डावा पाय मात्र ताजातवाना होता आणि वर ट्रॉम्बोन असा खणखणत होता, की वेगाचा आणि त्या लांब नळीचा काही संबंध नाही हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळावे.

पाचव्या गाण्याआधी टाळ्या चालू असताना मेहुणा दाजींकडे वळला. मायक्रोफोन आपल्याबरोबर वळला आहे, हे त्याच्या ध्यानात आले नाही.

“दाजी,” तो धापा टाकत म्हणाला, आणि ते सगळ्या सभागृहाने ऐकले. “उजवा पाय. पाया पडतो.”

“कुठल्या?” आत्याने पहिल्या रांगेतून विचारले.

हशा ओसरेपर्यंत दाजी थांबले. त्यांनी ट्रॉम्बोनची नळी पूर्ण बाहेर सरकवून पाहिली, परत आत घेतली, ओठ पुसले. ताईने काठ्या वर धरल्या आणि त्यांच्या बुटाकडे पाहिले. उजवा गुडघा वर आला, तिथे त्याच्या सवयीप्रमाणे क्षणभर रेंगाळला. सबंध सभागृह श्वास रोखून होते.

मग, किंचित उशिरा, तो खाली आला.