गोड्या पाण्यातल्या शिवल्या

लाल ठिपका. पायलने अंगठ्याने चिखल पुसला तसा तो अजून लाल झाला... तिचीच नेलपॉलिश, दोन महिन्यांपूर्वी तिनेच एकेका शिवलीवर लावलेली, आपण सोडलेली कुठली ते नंतर कळावं म्हणून. आत मांस नाही, नुसता काळा गाळ. दोन्ही शिंपले मात्र जोडलेले.

मेलेली, ती बोलली. शुभदा मॅडमनी वहीत अजून एक रेघ मारली.

कंबर मोडलेली. सकाळपासून वाकून वाकून चाळीसच्या वर मेलेल्या, जिवंत तीन. डोंबिवलीच्या या खाडीत आधी बायका टोपल्या भरून शिवल्या काढायच्या, आता एका कालवणापुरत्या मिळाल्या तरी खूप — म्हणून मॅडमच्या संस्थेने रेवदंड्याहून बारीक शिवल्या आणून बांबूंच्या या चौकोनात सोडलेल्या. जगल्या नाहीत तर संस्था दुसऱ्या खाडीत जाणार. होडीवाले देवरामकाका मघाशीच बोलले, कंपन्यांच्या पाण्यात काय जगणार? मॅडमनी मान हलवलेली, म्हणजे पटलेलं.

पण पायलला दिसत होतं. खेकड्याने खाल्ली असती तर फुटली असती. कोणी चोरली असती तर इथे नसती. आणि जिवंत शिवली सोडल्या सोडल्या गाळात खाली जाते — या सगळ्या वरच, ठेवल्या तिथेच. या खाली गेल्याच नाहीत. जिवंत तिघींची कड तर ठिपक्याच्या पुढे गव्हाएवढी वाढलेली. म्हणजे गाळ चांगला आहे. म्हणजे...

शिवल्या आल्या त्या दिवशी टेम्पो उशिरा आला, भरती लागलेली. मॅडम बोलल्या, रात्रभर तुझ्याकडे ठेव, वर ओला गोणपाट टाक, बस. नववीत मास्तरांना कंपासपेटी फेकून मारली आणि शाळा सुटली, तेव्हापासून घरात एकच — हिच्या हातात काही देऊ नका. आणि या बाईने अख्खी गोणी दिली. मग नुसता गोणपाट कसा टाकणार मी? बाजारातल्या शिवल्या आई नळाच्या पाण्यात ठेवते ना, रेती सोडतात — तशाच टबात ओतल्या, दोनदा पाणी बदललं. किती स्वच्छ दिसत होत्या. सकाळी काही तोंड उघडून होत्या. मला वाटलं, श्वास घेतायत. खाडीतल्या त्या, गोड्या पाण्याने मरतायत हे कळलंच नाही.

होडीच्या काठावर बसून मॅडमनी वही मांडीवर टेकवली. "इथला गाळच मेलाय गं पायल. तसंच लिहून टाकते."

राग आला, नेहमीसारखा कानापर्यंत. देवरामकाकांवर — त्यांना काय माहीत होतं? आईवर — ती तर घरी पण नव्हती तेव्हा. मॅडमवर — त्यांनी नीट सांगितलेलं, शब्द न् शब्द. राग सगळ्या खाडीत फिरून आला आणि तिच्याच शेजारी बसला, दमून.

भरतीचं पाणी पोटऱ्यांना लागलं. मॅडम पेनाचं टोपण शोधत होत्या, एका खिशात, मग दुसऱ्या... ते सापडायच्या आत नळाच्या पाण्याचं बोलायला हवं. आज तिला कोणावर ओरडायचं नव्हतं. नुसता आवाज फुटायला हवा होता, आणि तो कुठून काढतात ते तिला आठवेना.