खिडकीतली बाटली

सन २०१९, नोव्हेंबर महिन्याची अकरा तारीख, सोमवार, दुपारचे तीन वाजून सदतीस मिनिटे. स्थळ, नेदरलँड्समधील ऱ्हाईनकाठच्या विद्यापीठाचे जुने सभागृह. निवृत्त प्राध्यापक विब्रन ताल्समा यांनी काळ्या झग्याच्या बाहीतून एक पांढरे कार्ड काढले, मेजावर पालथे ठेवले आणि त्यावर तळहात दाबून धरला.

उरली होती आठ मिनिटे. ठीक पावणेचारला दंडधारी आत येणार, घुंगरांचा दंड फरशीवर आपटून ‘वेळ झाली’ म्हणणार, आणि उमेदवाराचे वाक्य अर्धे असले तर ते अर्धेच राहणार. हा रिवाज विद्यापीठाहून जुना मानला जाई. पाच परीक्षकांचे प्रश्न संपले होते. सहावे आणि शेवटचे ताल्समा होते.

समोर व्यासपीठाच्या कठड्याला धरून लीन्के द नोयर उभी होती. पहिल्या रांगेत तिचे वडील, झेलंडच्या खाडीत कालवांचे शिंपले पिकवणारे शेतकरी, सवय नसलेल्या कॉलरमध्ये बोट घालून बसले होते. सलग दोन उन्हाळे त्यांची कालवे खाऊन माणसे आजारी पडली होती आणि त्यांच्या खाडीवर बंदी होती. त्यांच्या मागे जलमंडळाचे प्रमुख बसले होते. गावाचे सांडपाणी शुद्ध होऊन ज्या उघड्या पाटाने खाडीला मिळते, तो पाट झाकायचा की नाही, याचा निर्णय मंडळ गुरुवारी घेणार होते.

निर्णय अडला होता तो एका आकड्यावर. अठ्ठावीस. अतिनील किरणांची एवढी मात्रा दिली की सांडपाण्यातले जिवाणू निकामी होतात, असे ताल्समा यांनी एकतीस वर्षांपूर्वी सिद्ध केले होते. लोक त्याला ‘ताल्समा अंक’ म्हणत. किरणांनी जायबंदी झालेले जिवाणू साध्या उजेडात स्वतःला पुन्हा दुरुस्त करतात, हे तेव्हाही ठाऊक होते. म्हणून तर नमुने काळ्या कापडात गुंडाळून ठेवण्याचा प्रयोगशाळेचा कडक नियम होता. मात्र ताल्समा यांनी आपल्या ग्रंथात एक वाक्य लिहिले होते: थंड, खाऱ्या पाण्यात ही दुरुस्ती नगण्य असते. त्या एका वाक्यावर झेलंडचे सगळे पाट उघडे राहिले. लीन्केच्या प्रबंधाचे म्हणणे सरळ होते. नगण्य नसते.

प्रबंध स्वीकारला गेलाच होता. पदवी तिला मिळणारच होती. पण जलमंडळाचे प्रमुख प्रबंध वाचायला आले नव्हते. ते ऐकायला आले होते.

तासाभरापूर्वी झगे चढवण्याच्या खोलीत लीन्केची मार्गदर्शक मारियेट ब्रूक कॉफीचा कप घेऊन ताल्समांच्या शेजारी येऊन उभी राहिली होती.

“विब्रन, तुमच्या झग्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय.”

“माझ्या वयाच्या माणसाला कसला ना कसला वास येणारच.”

“पोरीला फार ताणू नका हं. काल रात्रभर झोपली नाहीये ती.”

“मी कधी कुणाला ताणलंय?”

“मला! चौऱ्याण्णव साली. घरी जाऊन उलटी केली होती मी.”

“पण उत्तर बरोबर दिलं होतंस.”

मारियेट हसली, आणि मग हसू आवरून हळूच म्हणाली, “तुमच्या मनात काय आहे, ते मला विचारायचं नाहीये. पण ती चुकत नाहीये, एवढं सांगते.”

 त्या सकाळी घरून निघताना ताल्समा यांनी दोन वस्तू घेतल्या होत्या: ते कार्ड आणि हिरव्या पुठ्ठ्याची एक जुनी वही. कार्ड कशासाठी, हे त्यांना पुरते ठाऊक होते. वही कशासाठी, हे त्यांनी स्वतःला विचारले नव्हते.

मिरवणुकीने सभागृहात शिरताना त्यांना शेवटच्या बाकावर ग्रीतबाई दिसल्या. ग्रीत स्लॉट, एके काळची त्यांची प्रयोगशाळा-सहायक. अंगात हिरवा कोट, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. गेली एकतीस वर्षे त्या काचसामान धुण्याच्या खोलीत होत्या आणि लीन्केची प्रत्येक बाटली त्यांच्या हातून गेली होती; तिने त्यांना आग्रहाने बोलावले असणार. ताल्समा यांनी मान किंचित लववली. बाईंनी नजर हलवली नाही.

“विद्वान प्रश्नकर्ते महोदयांना विनंती,” सभापती म्हणाले.

ताल्समा उभे राहिले. “उमेदवार महाशया, पृष्ठ एकसष्ट. किरणांची तीव्रता आपण नमुन्याच्या तबकडीत कुठे मोजलीत?”

“मध्यभागी, सर.”

“केवळ मध्यभागी?”

लीन्केने पाण्याच्या पेल्याकडे पाहिले, उचलला नाही. “प्राथमिक मालिकेत... हो. केवळ मध्यभागी.”

“आणि कडेला तीव्रता कमी असते, की अधिक?”

“कमी असते.”

“म्हणजे आपण ज्याला अठ्ठावीस म्हणता, ते सरासरीने अठ्ठावीस नव्हतेच.”

सभागृहात कुणीतरी खुर्चीत सरकले. जलमंडळाच्या प्रमुखांनी खिशातून पेन काढले. लीन्केच्या वडिलांनी शेजारणीला कुजबुजत विचारले, “काय म्हणाला तो? चुकली का ती?” आणि शेजारणीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

पुढचे वाक्य कार्डावर होते, आणि कार्ड पाहण्याची गरज नव्हती: ‘तर मग आपले जिवाणू पुन्हा जगले नाहीत, ते मेलेच नव्हते, असे का समजू नये?’ या प्रश्नाला उत्तर होते. तेही ताल्समांना ठाऊक होते. तिच्या अंधारात ठेवलेल्या बाटल्यांत जिवाणू उगवले नव्हते, उजेडातल्या बाटल्यांत उगवले होते, आणि मात्रा दोन्हींना एकच होती. तेवढ्याने शंका फिटत होती. पण परिशिष्टातले तक्ते उलगडून ते शांतपणे सांगायला सात मिनिटे लागली असती. घड्याळात पाच होती. पोरगी घाबरलेली होती. दंड आपटला गेला असता, वाक्य अर्धे राहिले असते आणि प्रमुख आपल्या वहीत एकच शब्द लिहून गावी परतले असते: शंका.

त्यात खोटे काहीच नव्हते. प्रश्न रास्त होता. ताल्समा यांनी आयुष्यात एकही गैरवाजवी प्रश्न विचारला नव्हता.

त्यांनी मान वर केली. शेवटच्या बाकावर ग्रीतबाईंचे हात पर्सवर तसेच होते, पाण्याने आणि आम्लाने उललेले, लाल.

“सर?” सभापतींनी घड्याळाकडे पाहत विचारले.

ताल्समा यांनी कार्ड उचलले आणि न उलटता बाहीत परत घातले. मग खाली वाकून पिशवीतून हिरवी वही काढली.

“तो मुद्दा परिशिष्ट तीनमधल्या अंधाऱ्या बाटल्यांनी निकालात निघतो,” ते म्हणाले. “मी तो मागे घेतो. माझा खरा आक्षेप चौथ्या प्रकरणावर आहे. आपण लिहिता की थंड, खाऱ्या पाण्यातली ही दुरुस्ती याआधी कुणाच्याही पाहण्यात आली नाही.”

“हो, सर. मी सगळं धुंडाळलं. कुठेच नोंद नाहीये.”

“ते विधान चुकीचे आहे.”

लीन्केचा चेहरा पांढरा पडला. मारियेटने डोळे मिटून घेतले.

ताल्समा यांनी चष्मा लावला. वाचताना त्यांचा आवाज वर्गात असावा तसा सपाट होता. “सतरा मार्च एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. मात्रा अठ्ठावीस. दिव्यांखालून काढलेले पाणी, खाडीच्या पाण्यात मिसळून. नमुने एक ते आठ, काळ्या कापडात: जिवाणूंच्या वसाहती दोनपेक्षा कमी. नमुना नऊ, साध्या काचेची बाटली, कापडाविना खिडकीत राहिली, तीन तास. वसाहती, तीनशे चाळीस.”

ते थांबले. 

“आणि... शेरा काय आहे, सर?” लीन्केने विचारले. त्या क्षणी परीक्षक कोण आणि उमेदवार कोण, हे सांगणे अवघड झाले होते.

“शेरा: बाटली अस्वच्छ. नमुना वगळला.”

“तो प्रयोग पुन्हा केला होता?”

“नाही.”

“का नाही?”

ताल्समा यांनी तोंड उघडले. नेमक्या त्याच वेळी दार उघडले, घुंगरे वाजली, दंड फरशीवर आपटला आणि दंडधारी खणखणीत आवाजात म्हणाला, “वेळ झाली!”

रिवाजाप्रमाणे ताल्समा खाली बसले.

पदवी दिली गेली. टाळ्या झाल्या. कालवांच्या शेतकऱ्याने मुलीला असे कवेत घेतले की तिची टोपी पडली, आणि जलमंडळाचे प्रमुख कोट न घालताच, फोन कानाला लावून बाहेर पडले. त्यांचे शब्द दारातून ऐकू आले: “नाही, शंका नाही. म्हाताऱ्यानंच वाचून दाखवलं.”

चीजचे तुकडे आणि वाइन मांडलेल्या दालनात ताल्समांकडे कुणी येत नव्हते. आले तरी हात मिळवून चटकन पुढे सरत होते. ते स्वतःच गर्दीतून वाट काढत खिडकीशी गेले. तिथे ग्रीतबाई पर्स काखेत धरून एकट्या उभ्या होत्या.

एकतीस वर्षांपूर्वी त्या नवव्या बाटलीवरून सगळ्या प्रयोगशाळेसमोर त्यांनी या बाईला म्हटले होते, ‘ज्याला बाटली धुता येत नाही, त्याने आधी ती धुवायला शिकावं.’ पुढच्या सोमवारी तिची बदली धुण्याच्या खोलीत झाली होती.

काय बोलावे, हे त्यांनी ठरवले नव्हते. त्यांनी वही उघडून पान पुढे केले.

ग्रीतबाईंनी पर्समधून चष्मा काढला. काचा मऊ रुमालाने, सवयीने, दोन्ही बाजूंनी पुसल्या. मग पान वरपासून खालपर्यंत वाचले, नवव्या नमुन्याची खोडलेली ओळही वाचली, आणि वही मिटून त्यांच्या हातात परत दिली.

“बाटली स्वच्छ होती,” त्या म्हणाल्या.